जुना टेप, जुना रेकॉर्ड प्लेयर पुन्हा चालू करताना

बरीच वर्षे कापडात गुंडाळून ठेवलेला रेकॉर्ड प्लेयर किंवा कॅसेट डेक हाती आला, की पहिली ऊर्मी येते ती त्याची पिन सॉकेटमध्ये घालून बटण दाबण्याची. या ऊर्मीला थोडे दिवस आवर घालावा, यासाठी हा लेख लिहिला आहे. वीस-पंचवीस वर्षे बंद राहिलेले यंत्र बहुधा कायमचे निकामी झालेले नसते. त्याचे रबर कडक झालेले किंवा वितळलेले असते, वंगण मेणासारखे घट्ट झालेले असते, स्विचच्या आतले धातूचे पृष्ठभाग काळे पडलेले असतात आणि वीज साठवणारे काही कपॅसिटर अशक्त झालेले असतात. यातले बरेचसे काम नवशिक्याला घरच्या टेबलावर करता येते. त्यासाठी फारशी साधने लागत नाहीत, क्रम मात्र काटेकोर पाळावा लागतो.

क्रमावर मी एवढा भर का देतो, हे सांगायला हवे. आमच्याकडे एक कॅसेट होती. आत्या दूर राहत असताना तिने पत्राऐवजी आपला आवाज भरून ती पाठवली होती. जुना डेक सापडला त्याच संध्याकाळी मी तो जोडला, दिवे लागले, मोटर फिरल्याचा आवाज आला आणि मी सरळ तीच कॅसेट आत घातली. आत्याने घरातल्या एकेकाचे नाव घेऊन विचारपूस सुरू केली; तिसऱ्या नावावर तिचा आवाज जाड झाला, रेंगाळला आणि थांबला. झाकण उघडले तेव्हा तपकिरी फीत रबरी चाकाभोवती घट्ट गुंडाळली गेलेली दिसली. ती सोडवताना सुमारे वीस सेकंदांचा भाग चुरगळून कायमचा गेला. डेकमध्ये बिघडलेला होता तो फक्त एक पट्टा. पट्टा बदलता येतो, डेकही दुसरा मिळतो. तो आवाज मात्र एकदाच भरलेला होता. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच नियमाला धरून आहे: जे परत मिळणार नाही, ते सर्वांत शेवटी यंत्रात घालायचे.

हाती काय आले आहे, ते ओळखा

यंत्राचे वय कळले की त्याचे दुखणे निम्मे कळते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी, बारीक खाचांची व्हिनाइलची एलपी आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची, सोनीचा वॉकमन १९७९ चा आणि कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ ची. तुमच्या यंत्रावर ७८ चा वेग असेल तर ते बहुधा जुन्या-नव्या तबकड्यांच्या संधिकाळातले आहे. त्यावर कॅसेटसाठी ‘क्रोम’ किंवा ‘मेटल’ असा खटका असेल तर ते सत्तरच्या दशकातले किंवा त्यानंतरचे आहे.

ही यंत्रे पुन्हा वापरात येत आहेत, ही नुसती हौशी मंडळींची समजूत नाही. टेक्निक्सने १९७२ मध्ये सुरू झालेली आपली एसएल-१२०० ही रेकॉर्ड प्लेयरची मालिका २०१० मध्ये बंद केली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हिनाइल तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबात सीडीपेक्षा जास्त झाली, आणि हे १९८७ नंतर प्रथमच घडले. नवशिक्याच्या दृष्टीने याचा प्रत्यक्ष फायदा असा, की सुया, पट्टे आणि रबरी चाके पुन्हा तयार होऊ लागली आहेत आणि अनेक जुन्या यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका शोधल्यावर सापडते. यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर उतरवून घ्या, कारण एका अक्षराच्या फरकाने पट्ट्याची लांबी बदलू शकते.

पिन लावण्याआधी

पहिली तपासणी वीज न देता करायची. मागच्या पट्टीवर यंत्र किती व्होल्ट आणि किती हर्ट्झचे आहे ते वाचा. तुमच्याकडची वीज २३० व्होल्टची आणि यंत्र ११० व्होल्टचे असेल, तर ट्रान्सफॉर्मरशिवाय ते जोडले की क्षणात जळते. काही यंत्रांच्या मागे व्होल्टेज निवडण्याचा लहान खटका असतो. तो बरोबर जागी आहे याची खात्री करा. हर्ट्झचा आकडाही सोडून देऊ नका. विजेच्या वारंवारतेवर चालणाऱ्या जुन्या मोटरी ६० हर्ट्झसाठी बनलेल्या असतील तर ५० हर्ट्झवर त्या सहाव्या हिश्शाने हळू फिरतात आणि मोटरवरची कप्पी बदलल्याशिवाय वेग बरोबर येत नाही.

त्यानंतर वायर बोटांमधून सरकवत पाहा. तिचे आवरण कडक होऊन तडकले असेल तर वायर बदलायची. चिकटपट्टी गुंडाळून काम चालवायचे नाही. फ्यूज तपासा आणि पूर्वी कोणी त्याजागी साधी तार गुंडाळली आहे का, तेही पाहा. बॅटरीच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट भुकटी साठलेली असेल तर ती अल्कलाइन सेलची गळती असते. हातमोजे घालून, किंचित व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने ती पुसावी आणि जागा कोरडी करावी. रेकॉर्ड प्लेयरची चकती हाताने फिरवून पाहा. ती सहज फिरून हळूहळू थांबावी. लगेच अडखळली तर वंगण घट्ट झाले आहे. शेवटी नाकाचा उपयोग करा. ट्रान्सफॉर्मर जळल्याचा वास वर्षानुवर्षे टिकतो आणि एकदा ओळखला की विसरला जात नाही.

झाकण उघडताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने लहान डब्यांत ठेवा, कारण लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असलेला स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो आतल्या सर्किटच्या पाटीला भेगाळू शकतो.

साधने थोडीच लागतात: चांगले स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, भिंग, मऊ ब्रश, कापसाच्या काड्या, लव न सोडणारे सुती कापड, ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, संपर्क साफ करण्याचा स्प्रे, हलके मशीन ऑइल आणि सुईचा दाब मोजणारा छोटा काटा. सोल्डरिंग नंतर शिकता येते. पहिल्याच यंत्रावर ते शिकू नका. निकामी पाटी घेऊन तिच्यावर हात बसू द्या.

पहिल्यांदा वीज देताना

अ‍ॅम्प्लिफायर, डेक, रेडिओग्राम अशा यंत्रांच्या आत मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. दीर्घकाळ वीज न मिळाल्याने त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर ते तापतात, फुगतात, क्वचित फुटतात. यावर दुरुस्ती करणाऱ्यांचा जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे यंत्राच्या वाटेत, मालिकेत, ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब जोडणे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. वीज दिल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर यंत्र विजेला योग्य प्रतिसाद देत आहे. तो पूर्ण प्रकाशाने तसाच पेटत राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. ताबडतोब वीज बंद करावी. बल्ब असल्याने बहुधा त्या बिघाडाने आणखी काही जळत नाही. ही जोडणी उघड्या तारांची नको. बंद पेटीत, होल्डर आणि प्लगसह, जाणकाराकडून एकदा करून घ्यावी.

या वेळी स्पीकर जोडायचे नाहीत. यंत्र बल्बसह दहा-पंधरा मिनिटे शांतपणे चालले, वास किंवा धूर आला नाही, तर बल्ब काढून थेट वीज द्या आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकर जोडण्याच्या दोन टर्मिनलांमधले व्होल्टेज मोजा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तर निर्धास्त राहावे. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर बहुधा गेलेला असतो आणि जोडलेला स्पीकरही तो आपल्याबरोबर नेतो.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या यंत्रांविषयी मी स्पष्ट सांगतो: नवशिक्याने त्यांचे खालचे झाकण उघडू नये. त्यांत २५० ते ४०० व्होल्टपर्यंत डीसी असते आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच काळ राहू शकते. असे यंत्र बाहेरून पुसावे, व्हॉल्व्हचे क्रमांक उतरवून घ्यावेत आणि अनुभवी माणसाच्या हाती द्यावे.

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर

आवाजाची मूठ फिरवताना येणारी खरखर हा बहुधा सर्वांत सोपा दोष असतो. वीज बंद करून मुठीमागच्या पोटेन्शिओमीटरच्या फटीत संपर्क साफ करण्याच्या स्प्रेचा एक लहान फवारा मारा आणि मूठ टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. निवड करणाऱ्या खटक्यांनाही हेच करा. एका बाजूचा आवाज गायब असण्याचे कारणही अनेकदा इथेच सापडते.

स्पीकरचे कापड काढून शंकूच्या कडेला बोट अलगद लावा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक स्पीकरांची कड फोमची असते आणि पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. बोट लागताच ती पडली तर घाबरू नका. मूळ शंकू आणि कॉइल बऱ्याचदा शाबूत असतात आणि नवीन कड चिकटवता येते. कॉइल तपासायला मल्टिमीटरने रोध मोजा: आठ ओहमच्या स्पीकरला साधारण सहा ओहम दाखवतो, आणि काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, धन टोक लाल टर्मिनलला, की वूफरचा शंकू बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरांवर हे करून पाहा. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर जोडणी उलटी आहे, आणि खर्जाचे स्वर पातळ ऐकू येण्याचे कारण तेच आहे.

रेकॉर्ड प्लेयर

चकती फिरवण्याच्या तीन पद्धती आहेत आणि काय दुरुस्त करायचे ते त्यावर ठरते. पट्ट्यावर चालणाऱ्या प्लेयरचा पट्टा सैल किंवा भेगाळलेला असतो, तो बदलायचा. रबरी चाकावर चालणाऱ्या प्लेयरचे चाक कडक आणि गुळगुळीत झालेले असते. ते अल्कोहोलने पुसून, कडेवर बारीक पॉलिश कागद हलकेच फिरवला की पकड परत येते, मात्र त्यावर चपटा खड्डा पडला असेल तर ‘धप्-धप्’ असा नियमित आवाज येत राहतो आणि चाक बदलावेच लागते. थेट मोटरवर चालणाऱ्या प्लेयरला सहसा खटके साफ करण्यापलीकडे फारसे काही लागत नाही. तिन्ही प्रकारांत चकती उचलून मधल्या दांड्यावरचे काळे, चिकट वंगण पूर्ण पुसा आणि हलक्या मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब टाका. जास्त तेल पट्ट्यावर आले की पट्टा घसरतो.

वेग पाहण्यासाठी रेषांची चकती कागदावर छापून घेता येते. ५० हर्ट्झच्या विजेवरचा तारेचा किंवा ट्यूबचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. १८० रेषा असलेली चकती ३३ १/३ च्या वेगाने त्या उजेडात फिरली तर रेषा थांबल्यासारख्या दिसतात. ६० हर्ट्झसाठी रेषा २१६ लागतात. रेषा पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी. एलईडीचा उजेड बहुधा असा लुकलुकत नाही, म्हणून त्यात रेषा थांबत नाहीत आणि माणूस उगाच यंत्राला दोष देतो.

आता सुईकडे वळू, कारण प्लेयरमधली सर्वांत नाजूक आणि सर्वांत जास्त नुकसान करू शकणारी वस्तू तीच आहे. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते, नीलमण्याची त्याहून खूपच कमी. जुन्या प्लेयरबरोबर आलेली सुई किती तास चालली आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि झिजलेल्या सुईचे टोक छिन्नीसारखे होऊन खाचेच्या भिंती खरवडते. एकदा खरवडलेली खाच कशानेही भरून येत नाही. म्हणून नवी सुई ही पहिली खरेदी. आधीची सुई फक्त यंत्राची जुळणी शिकण्यासाठी, टाकाऊ तबकडीवर वापरा. ७८ च्या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला सुमारे ३ मिल त्रिज्येची, म्हणजे साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, तर एलपीला सुमारे ०.७ ते १ मिलची. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी बुडते आणि तळाचा कचराच वाजवते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या पुढे जातो आणि पोलादी सुई व्हिनाइलची खाच पहिल्याच फेरीत नांगरून टाकते.

दाब असा लावायचा. सुई धरणाऱ्या हाताची आत ओढणारी शक्ती तोलणारा खटका, म्हणजे अँटी-स्केट, शून्यावर ठेवा. मागचे वजन फिरवत जा, जोपर्यंत हात आडवा, हवेत तरंगल्यासारखा थांबत नाही. तिथे वजनावरचा आकड्यांचा कडा शून्यावर आणा आणि मग सगळे वजन फिरवून कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, निर्मात्याने सांगितलेला दाब लावा. बहुतेक चुंबकीय कार्ट्रिजना तो दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास असतो. छोट्या काट्यावर तो पडताळा आणि अँटी-स्केट त्याच आकड्यावर आणा. कमी दाब म्हणजे तबकडीची काळजी, असे पुष्कळांना वाटते आणि नेमके तिथेच नुकसान होते. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, मोठ्या स्वरांवर भिंतींवर आपटत राहते. सांगितलेल्या मर्यादेत किंचित जास्त दाब हा किंचित कमी दाबापेक्षा नेहमीच बरा.

प्लेयर अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर आवाज अगदी बारीक आणि चिरका आला तर काही बिघडलेले नाही. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, कारण पूर्ण खर्जाच्या लाटा खाच फार रुंद करतात. आणि तार स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की पृष्ठभागाची सरसरही खाली जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून एलपीसाठी हे प्रमाण सर्वत्र एक झाले. वाजवताना ते उलटे करावे लागते: एक किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वर आणि २० किलोहर्ट्झला तितकेच खाली. शिवाय चुंबकीय कार्ट्रिजचा संकेत फक्त तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे तो शंभरेक पट वाढवावा लागतो. ही दोन्ही कामे ‘फोनो’ लिहिलेले इनपुट किंवा वेगळी फोनो पेटी करते. जुन्या पेटी-प्लेयरमधले सिरॅमिक कार्ट्रिज मात्र स्वतःच शेकडो मिलिव्होल्ट देते. ते फोनोला जोडले तर आवाज फाटतो. ‘हूं’ असा सततचा घुमणारा आवाज येत असेल तर प्लेयरची पातळ अर्थिंग वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलला बहुधा जोडलेली नसते.

तबकड्या स्वच्छ करताना

व्हिनाइलची तबकडी डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ मखमली ब्रशने खाचांच्या दिशेने गोल पुसावी, पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसावी आणि उभी वाळवावी. मधला कागद भिजू द्यायचा नाही. ७८ ची लाखेची तबकडी असेल तर अल्कोहोलची बाटली खोलीबाहेर ठेवा, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि चमकदार काळा पृष्ठभाग एका पुसण्यात राखाडी होतो. अशी तबकडी पाण्यात फार वेळ भिजवतही ठेवू नये. सगळ्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात, तिरक्या किंवा एकावर एक नकोत.

कॅसेट डेक

डेकचे झाकण काढून मागच्या बाजूचे पट्टे शोधा. काही वेळा पट्ट्याच्या जागी फक्त काळी, चकचकीत रेघ दिसते. बोट लावले तर ती डांबरासारखी ताणली जाते आणि त्या बोटाने ज्याला हात लावाल त्याला चिकटते. वितळलेला पट्टा तो हाच. हातमोजे घाला, लाकडी काडीने जमेल तितके खरवडून काढा आणि उरलेले अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काड्यांनी पुसत राहा. कप्पीच्या खाचेतून काडी पांढरी बाहेर येईपर्यंत थांबायचे नाही, कारण राहिलेला एक ठिपकाही नव्या पट्ट्याला उसळी देतो आणि आवाज हेलकावतो. नवा पट्टा मापाने घ्यायचा असेल तर कप्प्यांभोवती दोरा लावून लांबी मोजा आणि पट्टा त्याहून सुमारे पाच टक्के लहान निवडा.

माझी फीत का गुंडाळली गेली, ते इथेच समजते. कॅसेटमध्ये टेप ओढण्याचे काम दोन ठिकाणी होते. कॅपस्टन ही बारीक पोलादी दांडी आणि तिच्यावर दाबून बसणारा रबरी पिंच रोलर टेपला सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरावीक वेगाने पुढे ढकलतात, आणि उजवे चक्र ती गुंडाळून घेते. उजव्या चक्राचा पट्टा घसरला तरी कॅपस्टन थांबत नाही. ढकललेली टेप कुठेच जात नाही, मग ती रोलरभोवती जमा होते. म्हणून कोणतीही कॅसेट घालण्याआधी रिकाम्या डेकमध्ये उजवे चक्र जोमाने फिरते का ते पाहा, आणि नंतर टाकाऊ कॅसेट घालून दोन्ही बाजू पूर्ण वाजवा.

हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, आणि कॅपस्टन अल्कोहोलने पुसा. काडीवर येणारा तपकिरी रंग हा टेपवरून सुटलेला ऑक्साइड असतो. पिंच रोलरला अल्कोहोल कमीत कमी लावा, ते रबर सुकवते. त्याला सौम्य साबणाचे पाणी पुरते. हेडवर नखाने जाणवेल अशी खाच पडली असेल तर ते झिजले आहे. हेडचे चुंबकत्व काढण्याचे साधन वापरायचे असेल तर डेक बंद ठेवा, कॅसेटी दूर ठेवा, साधन हातभर लांब असताना सुरू करा, हळूहळू जवळ नेऊन तितक्याच हळू दूर आणा आणि दूर गेल्यावरच बंद करा. हेडजवळ असताना ते बंद केले तर चुंबकत्व निघण्याऐवजी बसते.

वेगासाठी ३१५० हर्ट्झचा एकच स्वर भरलेली चाचणी कॅसेट मिळते. फोनवरील स्वर मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो आकडा पाहत मोटरच्या मागच्या लहान भोकातला स्क्रू किंचित फिरवायचा. त्या भोकात धातूचा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लॅस्टिकचा वापरा.

शेवटी, जपून ठेवलेली कॅसेट

डेक टाकाऊ कॅसेटवर आठवडाभर नीट चालल्यावर मगच हिच्याकडे या. सर्वप्रथम कॅसेटच्या वरच्या कडेवरच्या दोन चौकोनी पाकळ्या तोडा. त्या नसल्या की डेकचे रेकॉर्डिंगचे बटण खाली जात नाही आणि चुकूनही त्यावर दुसरे काही भरले जात नाही. खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड पाहा. तिच्यावर पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, घरात उघडूही नका. टेप जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. बुरशी नसेल तर टेपच्या मागचा लहानसा नमद्याचा तुकडा जागेवर आहे का ते पाहा. टेपला हेडवर दाबून धरण्याचे काम तो करतो, आणि त्याचा गोंद सुकून तो पडला की आवाज दबका आणि दूरचा येतो.

नमदा पडला असेल किंवा कवच वाकले असेल, तर टेप दुसऱ्या कवचात हलवावी. पाच स्क्रूंची चांगली, रिकामी कॅसेट आडवी ठेवून उघडा, जुनीही तशीच उघडा आणि दोन्ही गुंडाळ्या चिमट्याने न उचलता, सपाट हाताने चक्रांसकट सरकवा. टेपला बोट लावायचे नाही, कारण त्वचेचे तेल तिच्यावर कायम राहते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सुमारे ८६ मीटर टेप असते आणि तिची रुंदी फक्त ३.८१ मिलिमीटर असते. ती एकदा सुटून जमिनीवर पसरली तर आवरायला अख्खा दिवस जातो. नव्वद आणि एकशेवीस मिनिटांची टेप आणखी पातळ असते, म्हणून एकशेवीसची कॅसेट पुढे-मागे वेगाने पळवू नये.

टेप एकदा सावकाश शेवटपर्यंत आणि परत गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून राहिलेले थर सुटतात. आता डेकचा आउटपुट संगणकाच्या इनपुटला जोडा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि तेव्हाच प्ले दाबा. ऐकून घेऊ आणि मग मुद्रण करू, असा विचार करू नका. पहिली फेरी हीच कदाचित टेपची सर्वांत चांगली फेरी असते. पहिली प्रत सुरक्षित झाली, की हेडचा कोन जुळवा. घरी भरलेली कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकपेक्षा थोडा वेगळा असतो, म्हणून आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा वाटतो. हेडच्या बाजूचा लहान स्क्रू पाव फेऱ्याहून कमी, अगदी थोडाथोडा फिरवत ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांकडे कान द्या. ती सर्वांत धारदार ऐकू येतील तिथे थांबा आणि दुसरी प्रत करा. कोन मूळ जागी आणता यावा, म्हणून आधी स्क्रूवर पेनाची खूण करून ठेवा.

आत्याच्या कॅसेटची उरलेली बाजू मी अशाच प्रकारे, नव्या पट्ट्यावर, दोन वर्षांनी वाजवली. तिसऱ्या नावानंतर वीस सेकंदांची चुरगळलेली खरखर आहे, आणि त्यानंतर चौथे नाव अगदी स्वच्छ ऐकू येते.